अडुसष्ट किलो

"ब्याण्णव किलो लिवा," हिंदुराव पैलवान छाती काढून म्हणाले. कुस्ती सुटून वीस वर्षं झाली, तरी जिभेवर आकडा तोच होता.

अँजिओप्लास्टीला न्यायची घाई होती, पण सिस्टर बधली नाही. "आधी काट्यावर उभे राहा, आबा." काटा अडुसष्टवर थांबला. सगळ्यांदेखत पैलवानांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "रक्त गोठू न देणारं इंजेक्शन वजन बघून देतात. ब्याण्णवच्या हिशेबानं दिलं असतं, तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं."

घरी जाताना पैलवान काट्यापाशी वाकले. आखाड्यात उतरताना मातीला लावायचे, तसा त्याला हात लावून त्यांनी कपाळाला टेकवला.

"पोरी, तुझ्यामुळं वाचलो," ते सिस्टरला म्हणाले. "आता कुणीबी इचारू दे, अडुसष्टच सांगीन."