धाकटीची खोली

"आणि ह्याच खोलीतून मालकांची धाकटी मुलगी पळून गेली," असं गाइडबाईंनी म्हटलं की सहलीतली दंगेखोर पोरंसुद्धा चिडीचूप होत. आजही झाली. मग बसचा हॉर्न वाजला, पोरं धूम पळाली, आणि जुन्या घराच्या त्या खोलीत मागे उरला एक म्हातारा शिंपी. गळ्यातली टेप काढायलाही विसरला होता बिचारा.

"किती वर्षांची होती हो ती?"

"सोळा."

"परत आली?"

"नाही."

शिंप्याने खिडकीच्या निळ्या काचेवर बोट टेकवलं. "माझी आईही सोळाव्या वर्षी घर सोडून आली होती. कुठलं घर, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. फक्त म्हणायची, काचा निळ्या होत्या. काल नात सहलीहून आली, तुमच्या धाकटीची गोष्ट सांगत बसली. तसाच मशीनवरून उठून आलो. बायको म्हणते, सत्तराव्या वर्षी आजोळ शोधताय, आता काय सुट्टीत राहायला जाणार?"

गाइडबाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलंच नाही.

"एकच सांगा, बाई. वडिलांनी तिला शोधलं का? आई शेवटच्या दुखण्यातही तेच विचारायची. मी काय सांगणार, कपाळ?"

एरवी बाईंची जीभ कात्रीसारखी चालायची. आज त्यांनी आधी पदराने निळी काच पुसली.

"शोधलं," त्या म्हणाल्या. "गावोगाव माणसं पाठवली. स्वतः थकले, तेव्हा इथे खिडकीशी बसायचे. समोर ताट आलं की आधी विचारायचे, धाकटी जेवली का?"

शिंपी मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. मग उठून त्याने भारी कापड चाचपावं तसा चौकटीवरून हात फिरवला, आणि निघाला. जाताना पाठ चांगली ताठ झाली होती त्याची.

दारातल्या तिकीटवाल्याने सगळं ऐकलं होतं.

"धन्य आहे तुमची, बाई. मालकाला मूलबाळच नव्हतं. पोरं जांभया देतात म्हणून तुम्ही धाकटी रचलीत, इथवर ठीक. पण म्हाताऱ्याला ते ताटाचं कशाला सांगितलंत? बाप असा वाट बघतो, हे तुम्हाला कुठून सुचलं?"

"मी दोन दिवस स्टेशनवर बसून होते," गाइडबाई म्हणाल्या. "सोळा वर्षांची. बाबा शोधत येतील म्हणून."