गुडघ्यांचं गुपित

"अहो काकू, पुरे आता! माझाच हात सुटेल," शेजारच्या तांडेलवहिनी धापा टाकत म्हणाल्या, पण अडुसष्ट वर्षांच्या यमुताई फुगडी सोडायला तयारच नव्हत्या. नातसुनेची मंगळागौर होती, आणि गेल्या वर्षी खुर्चीतून उठताना देव आठवायला लावणारे गुडघे आज त्यांना भिंगरीसारखं नाचवत होते.

फुगडी थांबली तशा पोरींनी त्यांना घेरलं. "आजी, गुडघ्यांचं गुपित सांगा ना!"

"लेकीनं कॅनडाहून गोळ्या पाठवल्यात. डॉक्टर म्हणाले, कुणाला लागू पडतात, कुणाला नाही, पण व्यायाम सोडू नका. मी दोन्ही धरून ठेवलं." यमुताईंनी कपाटातून ऐटीत बाटली आणली.

तांडेलवहिनींनी चष्मा लावून त्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांच्याकडे मासे तळले की यमुताई धाडकन खिडकी लावून उदबत्ती पेटवतात, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

"काकू, या गोळ्या कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून करतात. श्रावणात तर आम्हीसुद्धा खात नाही हो!"

यमुताईंनी देवीकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे. आणि पोटातून इतकं हसू उसळलं की अंबाड्यावरची वेणी घसरली.

"मेल्या खेकड्याला दहा पाय," त्या म्हणाल्या, "त्यातला एक तरी कधी दुखलाय का? बघता काय, धरा हात!"