शेवटची पायरी

सकाळी पाहुण्यांना कुलेनचा पवित्र डोंगर दाखवायचा आणि दुपारी तळ्यातलं स्वतःचं खांबांवरचं गाव, हे रिथीचं रोजचं काम. "आई, घराच्या बावीस पायऱ्या चढायला वेळ कुठंय? पाणी वाढू दे, होडी थेट दारात लावतो," असं तो उन्हाळाभर म्हणत होता.

आज तळं वरच्या पायरीला टेकलं. त्याच्या आईनं, चांथूनं, मासा भाजला, भात झाकून ठेवला. रिथीची होडी न थांबता दारावरून गेली, तेव्हा तिनं हात केला. रिथी पाहुण्यांना काहीतरी म्हणाला आणि सगळ्यांनी हसून तिचे फोटो काढले.

होडी वल्हवणारी सोफाल संध्याकाळी दिसली.

"काय सांगत होता गं माझ्याबद्दल?"

सोफाल चाचरली. "म्हणाला, इथली माणसं फार मायाळू. कुणालाही हात करतात."