हातचं पाणी

गोजाबाईनं टिप्याला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि आधी मागं वळून दाराला कडी घातली. दाराबाहेर तिचा धाकटा दीर भिमाजी उभा होता.

"डाक्टरसाहेब, ह्याला इख घातलंय," ती हळूच म्हणाली. "आन् घालनारा भाईर उभा हाय. तेवढं कागदावर लिवून द्या."

चिंचवडच्या गुरांच्या दवाखान्यात येऊन डॉक्टरांना सहा महिने झाले होते. बैलांची खुरं आणि म्हशींच्या कासा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण फिर्याद घेऊन आलेलं कुत्रं हे पहिलंच. ते दोन पावलं लांब राहिले.

"कुणाला चावलंबिवलं का?"

"पिसाळल्याला न्हाई त्यो, साहेब. पानी बघून बिचकत न्हाई. सकाळी चांगली भाकरी खाल्ली, आन् दुपारी अंगनात आडवा झाला."

टिप्याच्या तोंडाला लाळेची तार लागली होती. पाय थरथरत होते. गोजाबाईनं त्याचं तोंड ओंजळीत धरलं होतं, आणि मधूनच तो बिचारा तिचे तळवे चाटत होता.

गेल्या बुधवारी कंपनीसाठी जमिनी बघणारे दलाल गोजाबाईच्या गावी, थेरगावात, आले होते. टिप्यानं त्यांना बांधाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. तेव्हा भिमाजी चारचौघांत म्हणाला होता, "ह्या कुत्र्याचा एकदा बंदोबस्त केला पायजे." ते वाक्य गोजाबाईच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. आज टिप्या पडला आणि त्याच भिमाजीनं कुणी न सांगता गाडी जुंपली, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. मनात काही नसतं तर हा एवढा कशाला धावला असता? नदीपाशी गाडी थांबवून त्यानं तांब्याभर पाणी आणलं. ते तिनं त्याच्यादेखत मातीत ओतलं.

"तुमच्या हातचं पानी नगं त्याला."

रिकामा तांब्या गाडीत ठेवून भिमाजीनं बैल हाकले. त्याचं ते निमूट गाडी हाकणंही तिला संशयाचंच वाटलं.

डॉक्टरांनी टिप्याच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली. मग वाकून त्याची पाठ हुंगली. पुन्हा एकदा हुंगली.

"तंबाखूचा वास येतोय."

"बघा!" गोजाबाईनं टेबलावर हात आपटला. "इतवारी बाजारातनं पुडा त्योच घिऊन आला. लिवा, साहेब."

"कुणी सांगितला होता आणायला?"

"मीच."

"कशासाठी?"

"गोचिडांनी पार खाल्ला व्हता ह्याला. तंबाखू उकळली आन् सकाळी त्याचं पानी चोळलं आंगाला." गोजाबाईचं लक्ष अजून दाराकडेच होतं. "बैलांना तर दरसाल लावतो आमी. कंदी काय झालं न्हाई."

"बैलांना लावून झालं की पुढं काय करता?"

"पुढं काय? वाळंपातुर दाव्याला आखूड बांधायचं. न्हाईतर आंग चाटत्यात आन्..."

ती मध्येच थांबली.

टिप्याला उभ्या जन्मात दावं ठाऊक नव्हतं. पाणी चोळून झाल्यावर तिनं त्याला अंगणात उन्हाला सोडलं होतं, आणि तो न्याहारीपासून दुपारपर्यंत अंग चाटत पडला होता. गोजाबाईनं आपले हात पाहिले. चोथा पिळून पिळून बोटं पिवळी झाली होती. तेच हात तिनं सबंध वाटेनं त्याच्या तोंडाशी धरले होते, तेवढाच त्याला आधार म्हणून. टिप्यानं पुन्हा जीभ बाहेर काढली. तिनं झटकन हात मागं घेतले आणि तिला रडू फुटलं.

"मरंल का वो ह्यो?"

"इथवर टिकलाय, म्हणजे आशा आहे. औषध देतो. शिपाई त्याला साबणानं धुऊन काढील. मग घोट घोट पाणी पाजत राहा. दिवस मावळायच्या आत मान उचलली तर वाचला समजा." डॉक्टरांनी कडीला हात घातला. बाहेर बैलवाले खोळंबले होते. "फक्त तुमच्या हातानं नको, बाई. हा वास आज जायचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाजू दे."

दवाखान्याच्या हौदावर गोजाबाईनं माती लावून हात धुतले. हुंगले. पुन्हा धुतले, पुन्हा हुंगले. वास जागचा हलला नव्हता. कडुनिंबाखाली ओला टिप्या गोणपाटावर पडला होता आणि भिमाजी गाडीच्या चाकाला टेकून लांबूनच त्याच्याकडे बघत होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात पदराखाली होते.

"भावजी, गाडी कशापायी जुंपली तुमी?"

"त्यो मेला असता, तर जल्मभर तुमी माजंच नाव घेतलं असतं, वैनी."

काय झालं ते सगळं सांगायला हवं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "त्याला पानी पायजे. तुमच्या हातानं पाजा."

भिमाजी उठला. गाडीतला तांब्या काढून हौदावर गेला, विसळला, काठोकाठ भरला. टिप्याजवळ उकिडवा बसला. टिप्यानं नाक हलवलं. भिमाजीनं एका हाताचा पसा पुढं केला, पण त्यात पाणी ओतलं नाही. तांब्या त्यानं वहिनीसमोर धरला.

"आधी तुमी घोट घ्या," तो म्हणाला.

गोजाबाईनं पदराखालून हात काढले, तांब्या घेतला आणि ती त्याच्यादेखत मान वर करून पाणी प्याली.