बर्फातलं मूत्रपिंड

फ्लॉरेन्सच्या सेत्तिमियो बेकरीवाल्याला मूत्रपिंड एकच, आणि तेही दुखणाईत. "बाहेर काढून दुरुस्त करा, पण परत बसवायला विसरू नका हं, डॉक्टरबाई!" म्हणत तो हसतहसतच भुलीत गेला.

डॉक्टर फियामेत्ता यंत्राच्या भिंगात डोकं घालून रोबोच्या हातांनी पोटात जागा करत होती. तेवढ्यात नर्स एर्सिलिया ओरडली, "लघवी आली!"

मूत्रपिंड चालू झाल्याची ती खूण. सवयीने सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "शाब्बास रे पठ्ठ्या!" फियामेत्ताही हसली, आणि मग तिचे हात थबकले. दुरुस्तीला बाहेर काढलेलं मूत्रपिंड अजून परत पोटात शिवलंच नव्हतं.

तिने डोकं वर काढलं. बर्फाच्या भांड्यात ते पांढरंफटक पडलं होतं, कशालाच न जोडलेलं, आणि थेंब थेंब गळत होतं.

एर्सिलियाने त्याला बोट लावलं.

"अहो डॉक्टर, गरम लागतंय!"