शेवटची रांग

गेल्या वर्षीचा बाक यंदा नव्हता. बाकाखालची जमीनही नव्हती. क्लाइव्ह हातात गुच्छ घेऊन चर्चच्या मागच्या आवारात आला आणि जागच्या जागी थबकला. आईच्या थडग्यापलीकडे चार पावलं गवत, आणि त्यापुढे नुसतं आभाळ.

"अगं बाई! एका हिवाळ्यात एवढा कडा ढासळला?" मागून त्याची बहीण थेल्मा म्हणाली.

"म्हणून तर खटपट करत होतो वर्षभर. उद्या आईला हलवायला माणसं येताहेत. आता तू मोडता घालू नकोस."

"मी कशाला घालू? मला काय आई समुद्रात गेलेली बघवणार आहे?"

दोघं भावंडं दरवर्षी वसंतात, आईच्या रविवारी, गावी यायची. त्या दिवशी प्रार्थना संपली की चर्चमध्ये लेकरांच्या हाती फुलांचा एकेक गुच्छ देतात, आपापल्या आईला द्यायला. साठी ओलांडलेली लेकरंही मुकाट रांगेत उभी राहतात. ज्यांची आई आहे ते पुढच्या दाराने घरी जातात, बाकीचे मागच्या दाराने थडग्यांकडे. क्लाइव्ह आणि थेल्मा आता मागच्या दाराचे झाले होते.

आवाराबाहेर वसंत नुसता ओसंडत होता. कड्यावरची काटेरी झुडपं पिवळीजर्द झाली होती. शेतात कोकरं आयांना ढुशा देत होती. क्लाइव्हचं कशात म्हणजे कशात लक्ष नव्हतं. खाली लाट आपटली की तो आईच्या दगडाकडे बघायचा.

या घराचं समुद्राशी वैरच होतं म्हणा ना. क्लाइव्ह लहान असताना बाप हेरिंग मासळीच्या मोसमात होडी घेऊन गेला, तो गेलाच. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, तो काही लागला नाही. त्या दिवसापासून आईने, एडनाने, समुद्राकडच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. घरात मासळी शिजली नाही. क्लाइव्हने एकदा होडीवर जायचं नाव काढलं, तर तिने फाडकन त्याच्या मुस्काटात मारली, आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडली. पोरगा पुढे बस चालवायला लागला, तोही समुद्रापासून लांबच्या शहरात. आजही किनाऱ्यावर उभा राहिला तर पाठ समुद्राकडेच.

आणि त्याच बाईने थडग्यासाठी जागा घेतली ती ही, समुद्राकडची शेवटची रांग! भिंतीलगत, जुन्या झाडाच्या सावलीत जागा रिकामी असताना. दगडाचंही आधीच बजावून ठेवलेलं. वरच्या अर्ध्यात तिचं नाव, खालचा अर्धा कोरा. नवऱ्याचं नाव कोरायचं नाही. "तो काय इथे आहे?" एवढंच म्हणायची. म्हातारपणी डोकं फिरलं होतं तिचं, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. आता क्लाइव्हने आपल्या शहरात, एका चेरीच्या झाडाखाली तिला जागा घेतली होती. जन्मभर ज्याचा तिने धसका घेतला, त्याच्याच घशात तिला घालायचं? छे! लेक कशाला मग आपण?

"ही दोरीबिरी कसली रे?"

मेबल मावशी काठी टेकत येत होती. आईची जन्माची शेजारीण. दरवर्षीचे गुच्छ तिच्याच हातचे. थडग्याभोवती ठोकलेल्या खुंट्यांकडे ती बघत राहिली.

"आईला हलवतोय, मावशी. उद्याच."

"कुणाला विचारून?"

"सगळ्या परवानग्या आल्यात."

"तिची?"

क्लाइव्हचा आवाज चढला. "मावशी, अजून एक हिवाळा आणि आई खाली जाईल! कळतंय का तुला?"

"जाऊ दे."

"तुझी आई असती तर म्हणाली असतीस असं?"

मावशी शेजारच्या दगडाला टेकून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"शपथ घातली होती तिने मला. पोरांना सांगू नकोस, जिवाला लावून घेतील म्हणाली. पण आज गप्प बसले, तर वर गेल्यावर उभी करायची नाही मला. जागा बघायला मीच आले होते तिच्याबरोबर. पाद्रीबुवा ते झाड दाखवत होते. चांगली जागा आहे, एडना, तिथवर समुद्र कधी पोचायचा नाही, म्हणाले. हिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. 'समुद्र सगळ्यात आधी कुठली रांग नेईल?'"

क्लाइव्ह दगडाच्या कोऱ्या भागाकडे बघत राहिला. मग गुच्छ खाली ठेवून तो वाकला आणि एकेक खुंटी उपटू लागला. दोरी गुंडाळून त्याने कोटाच्या खिशात कोंबली.

थेल्माने आपला गुच्छ दगडापाशी ठेवला. क्लाइव्हही दरवर्षी तिथेच ठेवायचा. यंदा तो गुच्छ उचलून थडग्याला वळसा घालून पुढे निघाला.

"अरे, कडेला जाऊ नकोस!" थेल्मा ओरडली.

तो कडेच्या जरा अलीकडे थांबला. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने समुद्राकडे सरळ नजर लावली. त्याने हातातला गुच्छ होईल तेवढा लांब फेकला.

"बाबा," तो म्हणाला, "आई येतेय हं."