एकमताचा पंप

आमची ग्रामसभा नळपाणी योजनेच्या पंपाशेजारी भरते. पंप दगड भरडल्यासारखा खडखडायचा, तरी चार वर्षं प्रत्येक ठराव एकमताने मंजूर झाला.

यंदा सभेच्या दिवशी सरपंच दत्तात्रेय पेणला गेले असताना रोह्याचा फिटर आला. त्याने विहिरीतल्या पाइपाच्या जाळीला बांधलेलं गोणपाट सोडलं. "पंपाला पाणी पुरत नव्हतं, म्हणून आत बुडबुडे फुटून आवाज येत होता," म्हणाला आणि सभेच्या चहाला थांबला. पंप मुकाट चालू लागला.

दुपारी पेणहून परतलेल्या सरपंचांनी सभेत रस्त्याचा ठराव वाचला. मागून धोंडुबाई म्हणाली, "ह्यो रस्ता पण तुझ्याच दारात संपतो व्हय रं?"

"चार वर्षं तर कधी बोलली नाय गो."

"दर सभेला बोलते."

सरपंच फिटरच्या कानाशी लागले. "गोणपाट फेकलं नाय ना? सुतळी हाय माझ्याकडं."